वलगणीची मासळी व भाताचें खाचर

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, खाचरें भरलीं आणि बांधांच्या मोऱ्यांतून तांबडें पाणी ओहोळास मिळूं लागलें, म्हणजे आमच्या भिवंडी तालुक्यांत वलगण लागते. डोहांत व तळ्यांत उन्हाळाभर दबून राहिलेले मासे वाहत्या पाण्याच्या तोंडावर उलट चढूं लागतात. नदींतून ओहोळांत, ओहोळांतून मोरींत आणि मोरींतून खाचरांत शिरतात. त्या रात्रीं गांवांत फारसें कोणी झोंपत नाहीं. एकाच्या हातांत बॅटरी व कोयता, दुसऱ्याच्या खांद्यावर पाग, तिसऱ्याजवळ बांबूच्या कांबट्यांचा सांपळा, अशी मंडळी बांधाबांधानें फिरत असतात. दक्षिण कोंकणांत ह्यांसच चढणीचे मासे म्हणतात. ह्या मासळीच्या कालवणाची गोडी वाचकांस आम्हीं सांगावी असें नाहीं, आणि तिच्या पोटांतील गाभोळीची तर नाहींच नाहीं. परंतु ती गाभोळी पोटांत घेऊन मासा आपल्या शेतांत कशासाठीं येतो, आणि तो आंत पोंचण्यापूर्वींच मोरीवर धरला गेला तर काय होतें, ह्याचा विचार जमीनधारकानें अवश्य केला पाहिजे. कारण मोरी त्याची आहे, बांध त्याचा आहे, आणि त्या मोरीवर सांपळा लावावा कीं न लावावा हें बहुधा त्याच्याच एका शब्दावर ठरतें.

मासा पावसाची वाट पाहतो, ही केवळ म्हण नव्हे. रोहू, कटला, मृगळ व त्यांच्या जातीचीं आपल्याकडील लहान खवलेवालीं मासळी घ्या. मादीच्या पोटांतील अंडीं वैशाख-ज्येष्ठापर्यंत जवळजवळ तयार होतात. परंतु सांचलेल्या पाण्यांत ती तीं टाकीत नाहीं. नवें पाणी यावें, तें वाहतें असावें, पात्र चढत जावें आणि उन्हानें तापलेलें पाणी कांहींसें थंडावावें, इतक्या खुणा जुळल्या म्हणजे माशाच्या मेंदूखालची एक बारीक ग्रंथी आपला रस रक्तांत सोडते, आणि मग कांहीं तासांतच वीण होते. खुणा जुळल्या नाहींत तर तीं अंडीं पोटांतच जिरून जातात. ह्याचा पुरावा प्रयोगशाळेंत मिळालेला आहे. कटक येथें १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी व अलिकुन्ही ह्या शास्त्रज्ञांनीं त्या ग्रंथीचा अर्क टोंचून ह्या माशांकडून अंडीं घालविण्यांत यश मिळविलें. म्हणजे पावसाचें काम पिचकारीनें केलें. तोंपर्यंत रोहू-कटल्याचें बीज पुराच्या वेळीं नद्यांतूनच गोळा करावें लागे. आज शेततळ्यांत सोडण्यास जें बीज विकत मिळतें, तें ह्याच शोधाचें फळ होय, आणि १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पिचकारी फक्त हौदांतल्या माशास मिळते. ओहोळांतल्या मासळीस अजून मृग-आर्द्राच आहेत.

सर्वच मासे एका तऱ्हेनें विणत नाहींत, आणि हा भेद शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. खवलेवाले मासे अंडीं पाण्यांत उधळतात व निघून जातात. आईबापांची राखण नाहीं, म्हणून संख्या अफाट. एक किलो वजनाची रोहूची मादी दोन-तीन लाख अंडीं टाकते. पंधरा-अठरा तासांत अंडें फुटतें आणि पापणीच्या केसाएवढें पिलूं बाहेर पडतें. मांगूर मासा ह्याच्या उलट. तो उथळ पाण्यांत, पुष्कळदां खाचराच्या बांधाच्या कुशीसच, वीतभर खळगा करतो. मादी त्यांत चिकट अंडीं घालते आणि नर तेथें राखण बसतो. अंडीं कांहीं हजारच, पण राखलेलीं.

मरळीची गोष्ट तर आणखी नवलाची. नर-मादी मिळून गवत-शेवाळांत थोडी जागा साफ करितात. तेथें मधाच्या रंगाचीं अंडीं पाण्यावर तरंगतात, कारण प्रत्येक अंड्यांत तेलाचा एक थेंब असतो. दिवस-दीड दिवसांत पिलें निघतात आणि पुढें महिनाभर तांबूस पिलांचा दाट थवा पाण्याच्या तोंडाशीं खालवर होत राहतो. खालीं आई किंवा बाप असतोच. हा थवा आवणीच्या दिवसांत तळ्याच्या कांठीं किंवा खोलगट खाचरांत पाहिला नाहीं असा शेतकरी आमच्याकडे विरळा. तो पाहून तेथेंच गळ टाकणारेहि पुष्कळ. राखणीवरची मरळ जवळ येईल त्यावर तुटून पडते, म्हणून ती गळास चटकन् लागते. ती गळास लागली कीं वरचा थवा बगळे, बेडूक व इतर मासे ह्यांच्या तोंडीं जातो. एक मरळ खाल्ली असें खाणारा समजतो. प्रत्यक्षांत तो अख्खें घराणें खाऊन बसलेला असतो.

आतां खाचरच कां? नदीच्या पात्रांत पावसाळीं पाण्याचा लोंढा असतो, गाळ असतो, मोठे खादाड मासे असतात. खाचरांत वीत-दोन वीत पाणी, ऊन लागून उबदार झालेलें, मागच्या वर्षाचे भाताचे खुंट व नवें गवत अंडीं चिकटण्यास तयार. शिवाय उन्हाळाभर त्या जमिनींत गुरें चरलीं, शेण पडलें, राब भाजला. तें सर्व पाण्यांत उतरून चार-पांच दिवसांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीव उपजतात, आणि तेंच नव्या पिलाचें पहिलें दूध. आपण ज्यास भाताची जमीन म्हणतों ती माशांच्या दृष्टीनें बाळंतिणीची खोली आहे. पिलूंहि फुकट राहत नाहीं. तें डासांच्या अळ्या व पाण्यांतले किडे खातें, चिखल ढवळतें आणि भातास कसलाहि उपद्रव न देतां आषाढ-श्रावणांत वाढतें. भाद्रपद-आश्विनांत खाचराचें पाणी तोडलें कीं तें उतरत्या पाण्याबरोबर ओहोळास आणि तेथून डोहास जातें. वर्षाची मासळी ह्या दोन प्रवासांवर उभी आहे, एक चढण्याचा व एक उतरण्याचा; आणि दोन्ही एकाच मोरींतून होतात.

शीत देशांतील उदाहरण येथें देण्याजोगें आहे, कारण तेथें ऋतु अगदीं उलटा असूनहि प्रश्न हाच आहे. उत्तर अमेरिकेंत व उत्तर युरोपांत हिवाळ्यांत सरोवरें वरून गोठतात. चार इंच जाड बर्फ झाला कीं माणूस त्यावर चालूं शकतो, आणि तेथील लोक बर्फास गिरमिटानें भोंक पाडून त्यांतून गळ सोडून बसतात. खालीं पाणी गोठत नाहीं; तळाशीं तें चार अंशांच्या आसपास राहतें, कारण त्या उष्णमानास पाणी सर्वांत जड असतें. मासे तेथें मंदावून असतात. त्यांतील बर्बट नांवाचा एक मासा भर हिवाळ्यांत बर्फाखालींच विणतो. पाइक नांवाचा लांब तोंडाचा खादाड मासा मात्र बर्फ वितळतांच कांठच्या बुडालेल्या गवतांत शिरून अंडीं घालतो, अगदीं आमची मासळी खाचरांत शिरते तसा. म्हणून हिवाळा सरतांना, वर बर्फ असतांनाच, पाइकच्या माद्या गाभोळीनें जड होऊन त्या गवताळ उथळ जागांच्या तोंडाशीं जमूं लागतात. बर्फावरून गळ टाकणारास ते दिवस सुगीचे. परंतु मिनेसोटा ह्या अमेरिकन राज्यांत नेमक्या त्याच वेळीं, फेब्रुवारीच्या अखेरीस, आंतल्या सरोवरांतील पाइक व वॉलाय ह्या माशांचा हंगाम बंद करितात आणि मे महिन्याच्या मध्यास, वीण आटोपल्यावर, तो पुन्हां उघडतात. तेथें गळ टाकणारांची संख्या लाखांनीं मोजण्यासारखी आहे. तरी ह्या बंदीबद्दल कोणी फारशी कुरकुर करीत नाहीं. मासा सर्वांत सोपा मिळतो ती वेळ सर्वांत महाग असते, हा हिशेब त्यांस पटलेला आहे.

आपल्याकडे हा हिशेब अजिबात नव्हता असें मात्र नाहीं. किनाऱ्यावरचे कोळी नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्याखेरीज होड्या समुद्रांत लोटीत नसत. आज सरकारहि जून-जुलैंत यांत्रिक नौकांस बंदी करितें. महाड तालुक्यांतील वाळणकोंडासारखे देवाचे डोह आहेत, तेथील मासा कोणी धरीत नाहीं. गोड्या पाण्याच्या वलगणीस मात्र असें कुंपण कधीं पडलें नाहीं. श्रावण पाळणारे पुष्कळ. पण श्रावण येईपर्यंत बहुतेक मासळी विणून मोकळी झालेली, किंवा मोरीवरच संपलेली असते. फ्रान्सिस डे ह्या मत्स्यपंडितानें हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यांतील मासळीवर १८७३ सालीं सरकारास जो अहवाल दिला, त्यांतहि पाटांच्या व शेतांच्या तोंडाशीं बारीक आसाचे सांपळे लावून विणीचे मासे व पिलें मारलीं जातात, हीच तक्रार आहे. पुढें १८९७ सालीं मासेमारीचा कायदा झाला. त्यानें सुरुंगाच्या दारूनें वा विष घालून मासे मारणें हा गुन्हा ठरला. मोरीवरचा सांपळा मात्र त्यानें सरसकट गुन्हा केला नाहीं, आणि आमच्या मतें सरसकट तसें करणेंहि योग्य झालें नसतें.

कारण ह्या गोष्टीस दुसरी बाजू आहे व ती लहान नाहीं. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे गोरगरिबांच्या घरचे सर्वांत ओढीचे दिवस. कणगी तळास गेलेली, भाजी अजून उगवायची, रोजगार आवणीवर अवलंबून. कातकरी, वारली व ठाकूर कुटुंबांस वलगणीचे चार दिवस म्हणजे वर्षांतलें पोटभर कालवण. उरलेलें तें सुकवून ठेवितात. त्यांच्या हातांतील सांपळा हिसकावून घेऊन मत्स्यरक्षणाचें पुण्य जोडूं पाहणें आम्हांस मान्य नाहीं. शिवाय सत्य असें कीं त्यांचा सांपळा शतकानुशतकें चालत आला तरी मासळी टिकली. ती कमी होऊं लागली ती हौसेखातर मोटारी घेऊन येणाऱ्या मंडळींनीं ओहोळाच्या तोंडावर ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत नायलॉनचीं बारीक जाळीं आडवीं लावण्यास सुरुवात केल्यापासून. आणि त्याहिपेक्षां अधिक, मासळीची वाटच बुजल्यापासून.

ह्या वाटेविषयीं आम्हांस थोडें अधिकारानें बोलतां येईल, कारण आमची उमर महसूल खात्याच्या कचेरींत गांवनकाशे व उतारे चाळण्यांत गेली. मुंबई-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूस आणि काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली ह्या पट्ट्यांत जेथें पूर्वीं भात होत असे, तेथें आतां गुदामें उभीं आहेत. ज्यानें जमीन विकली वा भाड्यानें दिली त्यास आम्ही दोष देत नाहीं. भातानें त्याचें भागत नव्हतें. परंतु गुदामासाठीं पुरुषभर भराव घालतांना जमिनीबरोबर ओहोळहि भरला जातो, आणि तेथें मात्र आमची तक्रार आहे. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणें नद्या, ओढे व नाले हे सरकारचे आहेत, मग ते कोणाच्याहि गटांतून वाहत असोत. सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखालीं पोटखराबा लिहिलेला असतो. त्यांतील ‘ब’ वर्ग म्हणजे रस्ता, तळें, ओढा अशा सार्वजनिक उपयोगासाठीं राखलेली जमीन. उताऱ्यावर हे दोन-चार आर आहेत म्हणून खरेदीदार त्यांचे पैसे देत नाहीं, पण भराव मात्र त्यांवरहि घालतो. आपल्या शेजारचा ओहोळ बुजत असेल तर गांवनकाशाची नक्कल व सातबारा जोडून तहसीलदारांकडे वेळींच अर्ज करावा. भराव पडून डांबर झाल्यावर केलेला अर्ज फाइलींत जिवंत राहतो, ओहोळ राहत नाहीं.

जेथें ओहोळ बुजलेला नाहीं तेथेंहि एक बारीक खोड आढळते. रस्त्याखालून पाणी काढण्यास सिमेंटचा नळ बसवितात, तो पुष्कळदां ओहोळाच्या तळापेक्षां हात-दीड हात उंच बसतो. पाणी खालच्या अंगास धबधब्यासारखें पडतें. माणसाच्या दृष्टीनें काम चोख झालें, पाणी निघून जातें. पण चढणाऱ्या माशास ती भिंत आहे. मरळ, शिंगी, मांगूर हे हवेंत श्वास घेऊं शकतात व ओल्या गवतांतून सरपटूनहि जातात. खवलेवाली लहान मासळी मात्र नळाच्या तोंडाशीं उड्या मारून थकते, आणि सांपळा लावणारास तेथें श्रमहि पडत नाहींत. नळ बसवितांना त्याचा तळ ओहोळाच्या तळाखालीं वीतभर पुरावा, एवढें ग्रामपंचायतीच्या सभासदांनीं कंत्राटदारास बजावलें तर खर्च कांहीं वाढत नाहीं.

पाण्याच्या घाणीबद्दल थोडक्यांत लिहितों. कामवारी नदीस शहराजवळ रंगकामाच्या व सायझिंगच्या सांडपाण्यानें जी कळा आली आहे ती सर्वांस ठाऊक आहे. तेथून वर मासा चढेल ही आशा आज व्यर्थ आहे. तानसेच्या व भातसेच्या बाजूचीं गांवें त्या मानानें भाग्यवान. पण विष केवळ कारखान्यांतून येतें असें नव्हे. खोडकिड्यासाठीं फोरेटचे दाणे खाचरांत टाकण्याची चाल पुष्कळ वर्षें होती, आणि पिलें पाण्यांत असतांना ते दाणे पडले म्हणजे दुसऱ्या दिवशीं खाचर पांढऱ्या पोटांनीं भरून जाई. ह्या औषधाची विक्री व वापर ३१ डिसेंबर २०२० पासून सरकारनें बंद केला आहे. दुसरीं औषधेंहि मारतांना निदान मोरी बंद करून पाणी तीन-चार दिवस अडवावें. तसेंच आफ्रिकन मांगूर शेततळ्यांत कोणी आणून देऊं लागला तर घेऊं नये. त्याच्या पालनास २००० सालापासून देशांत बंदी आहे. पुरांत तो तळ्याबाहेर पडला कीं ओहोळांतील आपली पिलें त्याच्या पोटांत जातात.

आतां मोरीकडे वळूं. आमचें म्हणणें इतकेंच कीं चढतीचा मासा सोडावा आणि उतरतीचा धरावा. पहिल्या जोराच्या पावसापासून आठ-दहा दिवस आपल्या बांधावरील निदान एकाआड एक मोरी मोकळी ठेवावी. ज्या मोरीवर शेजारचा गरीब मनुष्य सांपळा लावीत आला आहे ती त्याला राहूं द्यावी. बाकीच्या जमीनधारकानें स्वतः मोकळ्या ठेवाव्या, आणि ओहोळावर आडवें जाळें कोणासहि लावूं देऊं नये. विणून झाल्यावर तोच मासा शेतांत सांपडतो. तो रोडावलेला असतो व गाभोळीवांचून त्याची चव उतरते, हें आम्ही कबूल करितों. पण मागें लाखों अंडीं ठेवून आलेला असतो. त्या लाखांतून शंभर-दोनशेंच जगलीं असें धरलें तरी मोरीवर धरलेल्या एका मादीची भरपाई किती पटीनें होते, हें वाचकांनींच मांडून पाहावें.

त्या पिलांस उघडिपीच्या दिवसांत पाणी कमी पडूं नये म्हणून खाचराच्या सर्वांत खोलगट कोंपऱ्यांत हात-सवा हात खोल खड्डा किंवा बांधालगत चर ठेवावा. क्षेत्राचा दहावा हिस्सा ह्याहून अधिक जागा त्यांत घालवूं नये, नाहींतर भाताचें नुकसान होईल. खड्ड्यावर चार फांद्या टाकल्या म्हणजे बगळ्यांचा उपद्रव कमी होतो. हळव्या भाताचें पाणी भाद्रपदाच्या अखेरीस व गरव्याचें आश्विनांत तोडतांना तें एकदम सोडूं नये. दोन दिवस मोरी अर्धी उघडी ठेवून हळू उतरूं द्यावें. मोरीच्या आंतल्या तोंडास कांबट्यांची चौकट बसवावी, दोन कांबट्यांत बोटभर फट राहील अशी. बोटाहून जाड झालेली मासळी चौकटीशीं अडते, ती टोपलीनें उचलून घ्यावी. तिजवर मालकाचा, गड्याचा व ज्याची मोरी आपण ज्येष्ठांत त्यास राहूं दिली त्या शेजाऱ्याचा हिस्सा असावा. बारीक पिलें फटींतून ओहोळांत जातात व तेथून डोहास लागतात.